गनाडोचा लाल, टू ग्रे हिल्सचा करडा

अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या गालिच्यांवरचा तुमचा लेख छान आहे, फोटो तर भारीच. पण त्यात या गालिच्यांच्या गावागावच्या शैली 'हजारो वर्षं चालत आल्यात' हे काय पटलं नाही बुवा. विणकाम जुनं आहेच, पण गनाडो, क्रिस्टल वगैरे शैलींची नावं पडली ती ट्रेडिंग पोस्टवरून (नावाहोंशी व्यापार करणाऱ्यांची दुकानं), म्हणजे १९व्या शतकाच्या शेवटी नि त्यानंतर. अ‍ॅरिझोनात गनाडोला हबेल नावाच्या व्यापाऱ्याने १८७८च्या सुमारास दुकान घेतलं, त्याला लाल रंग आवडायचा, मग तो चक्क डिझाइनची चित्रं काढून घेऊन भिंतीवर लावायचा, विणणाऱ्या बायकांनी बघून विणावं म्हणून! क्रिस्टलचा व्यापारी मूर तर १९०३ आणि १९११ ला कॅटलॉग छापून पोस्टाने ऑर्डरी घेत होता. त्याआधी मुख्यतः अंगावर घ्यायची ब्लँकेटं विणायचे, त्यांना गालिच्यासारखी कडेची चौकट नसायची, ती आली गिऱ्हाइकाला जमिनीवर टाकायला गालिचा हवा म्हणून.

माझं मत विचाराल तर टू ग्रे हिल्सची शैलीच एक नंबर. लाल नाही काही नाही, मेंढीचे मूळ रंग, पांढरी नि काळी लोकर एकत्र पिंजून करडा काढतात, फक्त काळा गडद करायला जरा डाय. बारीक कामात इंचाला ८०च्या वर बाण्याचे (आडवे) धागे बसतात, हाताने सूत काढून!

आणि लेखात वाइड रुइन्सची शैली कशी काय राहिली? बिनचौकटीचे आडवे पट्टे, झाडपाल्याचे फिके रंग. त्यावर पण लिहा की.