नियम बदलला म्हणजे नेमकं काय बदललं?

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या व्हिसाच्या नियमांत काही बदललं, की पहिली बातमी फॅमिली ग्रुपवर येते. पुण्या-नागपुरात आईबाबांची झोप उडते आणि तिकडे मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री वकील शोधत बसते. बातमी बहुतेक वेळा खोटी नसते, पण अर्धी असते. म्हणून आधी एकच विचारा: हा कागद कुठल्या प्रकारचा आहे? प्रस्तावित नियम, अंतिम नियम, राष्ट्राध्यक्षांचं घोषणापत्र, की कोर्टाचा आदेश? किती घाई करायची हे त्यावर ठरतं.

'डी/एस'चंच बघा. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेल्या विद्यार्थ्याच्या आय-९४ वर (देशात शिरल्याची सरकारी नोंद) मुक्काम संपण्याची तारीख नसते, 'डी/एस' असं लिहिलेलं असतं. शिक्षण नियमानुसार चालू आहे तोवर राहा, असा त्याचा अर्थ. ही सोय काढून ठराविक मुदत देण्याचा प्रस्ताव सप्टेंबर २०२० मध्ये आला आणि जुलै २०२१ मध्ये मागे घेतला गेला. त्या वर्षी घाबरून कुणी पीएचडीचा बेत सोडला असेल, तर तो कधीच लागू न झालेल्या नियमापायी. २८ ऑगस्ट २०२५ ला तसाच प्रस्ताव पुन्हा आला: जास्तीत जास्त ४ वर्षं, पुढच्या मुदतवाढीसाठी यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) वेगळा अर्ज, आणि शिक्षणानंतर राहायला मिळणारे ६० दिवस कमी करून ३०. पाच-सहा वर्षांच्या पीएचडीसाठी ही गंभीर गोष्ट आहे, दुर्लक्ष करू नका. पण फेडरल रजिस्टरमधला (अमेरिकी सरकारचं राजपत्र) मूळ मजकूर उघडा आणि तीन जागा वाचा. वर 'प्रपोज्ड रूल' लिहिलंय की 'फायनल रूल', 'डेट्स' या शीर्षकाखाली कुठली तारीख आहे, आणि आधीच देशात असलेल्यांना काय लागू होणार. फॉरवर्डमध्ये नेमक्या याच तीन गोष्टी गाळलेल्या असतात.

घोषणापत्राचं उलटं. त्यात प्रस्तावित नियमासारखा हरकती-सूचना मागवायचा टप्पाच नसतो. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार: एच-१बी साठी (कंपनी परदेशी कर्मचाऱ्यासाठी मागते तो नोकरीचा व्हिसा) एक लाख डॉलर. लागू २१ सप्टेंबरपासून. सुट्टीवर भारतात आलेली माणसं मिळेल त्या विमानाने परत निघाली. शनिवारी खुलासा आला की हे नव्या अर्जांसाठी आहे, आधीच व्हिसा असलेल्यांसाठी नाही. २० ऑक्टोबरला यूएससीआयएसने स्पष्ट केलं की देशात राहूनच एफ-१ वरून एच-१बी वर स्टेटस बदललं, तर ही रक्कम नाही. विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट इथे आहे. स्टेटस बदलाचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पडलात, तर बदलाची ती मागणी सोडून दिली असं धरतात, आणि मग ती सवलतही हातची जाऊ शकते. एच-१बीची लॉटरी (अर्जांची सोडत) लागली म्हणून लगेच घरी यायचं तिकीट काढू नका, आधी कंपनीच्या वकिलाला लेखी विचारा.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटते ते. नव्या नियमांच्या धास्तीत जुन्या नियमांच्या तारखा हातून सुटतात, आणि त्यांना माफी नाही. ओपीटीचा (शिकलेल्या विषयात काही काळ काम करायची परवानगी) अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते नंतरच्या ६० दिवसांपर्यंत करता येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा कॉलेजचा अधिकारी) सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) शिफारस टाकली, की त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज पोहोचावा लागतो, हे विसरलं जातं. समजा शिफारस १ मार्चची आणि अर्ज गेला ५ एप्रिलला: ३५ दिवस झाले, अर्ज नामंजूर. ६० दिवसांची खिडकी उघडी असेल तर नवा आय-२० (कॉलेज देतं तो विद्यार्थी असल्याचा कागद) घेऊन, फी पुन्हा भरून अर्ज करता येतो. पण नकारच त्यानंतर आला, तर ओपीटी गेलीच. म्हणून फोटो, पासपोर्ट, फी सगळं हाताशी ठेवून मगच आय-२० मागा. स्टेम ओपीटीला (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणिताच्या पदवीवर मिळणारी ओपीटीची वाढ) हीच मुदत ६० दिवसांची आहे आणि अर्ज चालू ओपीटी संपण्याआधी जायला हवा.

ओपीटीवर बेरोजगारीचे ९० दिवस मिळतात. ते ईएडी कार्डवरच्या (कामाचा परवाना) सुरुवातीच्या तारखेपासून, शनिवार-रविवार धरून मोजले जातात. स्टेम मिळाल्यावर दोन्ही मिळून १५०. नोकरी लागली की १० दिवसांत एसईव्हीपी पोर्टलवर (ओपीटीवाल्यांसाठीची सरकारी वेबसाइट) कंपनीची माहिती भरा. काम सुरू आहे पण पोर्टल रिकामं, अशा मुलाची नोंद बेरोजगार म्हणूनच होत राहते. मे २०२५ मध्ये अशा रिकाम्या नोंदी असलेल्यांना १५ दिवसांची नोटीस गेली होती. पत्ता बदलला तरी मुदत १० दिवसच.

आणि व्हिसा व स्टेटस एक नव्हे. पासपोर्टवरचा स्टँप देशात शिरण्यापुरता. आत असताना तो संपला तरी स्टेटस चालू असेल तर राहता येतं. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद झाल्या, तेव्हा अनेकांना नुसता व्हिसा रद्द झालाय की नोंदही, हेच कळत नव्हतं. बरेच जण कोर्टात गेले आणि महिनाअखेरीस सरकारने नोंदी पुन्हा सुरू करायला घेतल्या. अशा वेळी पहिला ईमेल डीएसओला: 'माझी सेव्हिस नोंद आज ॲक्टिव्ह आहे का?' उत्तर लेखी घ्या.

घरी यायचं असेल तर स्टँप आधी बघा. २ सप्टेंबर २०२५ पासून ड्रॉपबॉक्स (मुलाखतीशिवाय नुसते कागद देऊन व्हिसा) बहुतेकांसाठी बंद झाला, आणि त्याच महिन्यात मुलाखत आपल्या देशात किंवा जिथे कायदेशीर राहतो तिथेच द्यायची सूचना आली. स्टँप संपलेला असेल तर दोन आठवड्यांच्या सुट्टीत मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन, नवा स्टँप घेऊन परतता येईल, हे गृहीत धरू नका. स्लॉट हातात आल्यावरच तिकीट. आय-२० वरची प्रवासाची सही ओपीटीवर असताना ६ महिन्यांच्या आतली हवी. परत पोहोचलात की त्याच आठवड्यात सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमा-तपासणी खातं) साइटवरून नवा आय-९४ उतरवून घ्या. विद्यार्थ्याच्या आय-९४ वर चुकून 'डी/एस' ऐवजी तारीख पडली असेल, तर दुरुस्ती लगेच मागावी लागते.