‘कौलं गळतात, जांभा ओल धरतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोकणातल्या होमस्टेच्या बांधकामावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत त्याचा सारांश असा : जांभा, कौलं, चुना ही शहरी आर्किटेक्टची हौस आहे. तुमच्या मामेभावाने सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, तशा दोन खोल्या बांधल्या, दुसऱ्याच पावसाळ्यात छप्पर गळलं, भिंतींना बुरशी आली आणि आता तो स्लॅब टाकून एसी लावणार आहे. पावसाचं पाणी साठवायच्या गोष्टी तर निव्वळ थापा.

पाण्याची तक्रार बरीचशी खरी आहे, तिच्याकडे नंतर येतो. आधी छप्पर.

मंगलोरी कौल स्वतः फारसं गळत नाही, गळते ती बसवणी. पहिली चूक उताराची. आढ्यापासून भिंतीपर्यंतचं आडवं अंतर १० फूट असेल, तर आढं भिंतीच्या माथ्यापेक्षा निदान ६ फूट वर हवं. उंची वाचवायला ते साडेतीन-चार फुटांवर आणलं की पाणी रेंगाळतं आणि वाऱ्याच्या झोतासरशी कौलाच्या सांध्यातून उलटं आत चढतं. दुसरी चूक रिपांची, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांची. हल्ली सांगाडा लोखंडी पाइपचा असतो आणि फॅब्रिकेटर रिपा डोळ्यांच्या अंदाजाने वेल्ड करून मोकळा होतो. साधारण साडेबारा इंचांचं अंतर चालतं, पण कारखान्यागणिक कौलाची खाच थोडी बदलते. म्हणून आणलेल्यातली दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून मोजायची आणि मगच रिपा मारायच्या. जुन्या घराची उतरवलेली कौलं आणि नवी छपराच्या एकाच उतारावर मिसळली, तर खाचा बसतच नाहीत. दिसायला मात्र फोटोत झकास!

तिसरी गोष्ट शाकारणी. पूर्वी मे महिन्यात माणूस छपरावर चढायचा, पाचोळा काढायचा, माकडांनी फोडलेली आणि सरकलेली कौलं बदलायचा. होमस्टेवाल्याचा मे म्हणजे ऐन सीझन, खोल्या भरलेल्या, मग शाकारणी राहते ती राहतेच. कौलाच्या नाळीत आंब्याची चार पानं अडकली तरी मागे पाणी तुंबतं आणि कडेवरून आत उतरतं. एकेक खोली दोन-दोन दिवस बुकिंगमधून काढा. तेवढं भाडं बुडतं, ते देखभालीचा खर्च म्हणून आधीच धरायचं.

स्लॅबचं म्हणाल, तर गळती थांबेल, उकाडा वाढेल. कोकणच्या दमट हवेत दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक नसतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री, नेमका पाहुणा झोपला असताना, ती उष्णता खाली सोडतो. कौल पातळ असतं, त्यात उष्णता साठून राहत नाही, ते संध्याकाळी लवकर निवतं. जाड भिंतीने गारवा मिळतो हेही राजस्थानसारख्या कोरड्या मुलखातलं गणित आहे, इथे वाऱ्याशिवाय इलाज नाही. समोरासमोर खिडक्या, आढ्यापाशी गरम हवेला वाट आणि पंखा. हे मूळ लेखात मी पुरेसं स्पष्ट केलं नव्हतं, हे मान्य.

एसी लावायचाच असेल तर खोलीला कौलाखाली ९ फुटांवर बंदिस्त माळा हवा, नाहीतर थंड हवा कौलांच्या फटींतून निघून जाते आणि बिल तुम्ही भरता. माळ्याच्या वरची जागा मात्र वाहती ठेवायची.

आता भिंत. चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि उघडा असला तर सोडतोही. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा चकचकीत पारदर्शक कोटिंग चढवलं की प्यायलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. मग पोपडे, पांढरा क्षार, बुरशी. चिरा घेताना ठोकून बघायचा : खणखणीत आवाजाचा ठेवायचा, पांढऱ्या मातीचे खिसे असलेला परत पाठवायचा. जोतं काळ्या दगडाचं, दोन फूट. छपराचा पुढावा, म्हणजे भिंतीबाहेर आलेला भाग, निदान तीन फूट आणि पागोळी पडते तिथे फरशी नको, दोन फूट रुंद खडीचा पट्टा हवा. फरशीवर आपटलेलं पाणी उसळून थेट भिंतीवर जातं. तुमच्या फोटोत डाग जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच आहेत, ते बहुधा यामुळेच. पश्चिमेच्या भिंतीला पडवी नसेल तर झडीसाठी झावळ्यांची झापं बांधा, त्यात कमीपणा नाही.

बाथरूमला मात्र सिमेंट, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्सच. तिथे चुन्याचा हट्ट धरणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही.

बुरशीचं आणखी एक कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय : जूनपासून गणपतीपर्यंत खोल्या कुलूपबंद. बंद खोलीत स्लॅबखालीही बुरशी येईल. गाद्या उभ्या करा, कपाट भिंतीपासून तीन इंच सोडा, पाऊस उघडला की खिडक्या उघडायला माणूस नेमा.

पाण्याचा हिशेब असा. १०० चौरस मीटर छप्पर, ३,००० मिलिमीटर पाऊस, पाचवा हिस्सा वाया गेला तरी २ लाख ४० हजार लिटर. ऐकायला भरपूर. पण चार खोल्या, आठ पाहुणे, माणशी १८० लिटर धरले तर एप्रिल-मेच्या ६१ दिवसांना सुमारे ८८ हजार लिटर लागतात. म्हणजे सहा मीटर लांब-रुंद, अडीच मीटर खोल टाकी. ती कुणी बांधत नाही. शोषखड्डे मारून सड्यावर उपयोग थोडाच. जांभ्यातून पाणी बाजूने झिरपून ओहोळाला लागतं, मेपर्यंत तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून फक्त पिण्या-रांधण्यापुरतं साठवा : माणशी २० लिटर, १० हजारांची टाकी पुरते. पहिले दोन-तीन पाऊस छपराची धूळ धुऊन वाहून जाऊ द्यायचे. आंघोळीचं पाणी केळी-अळूला.

मामेभावाला एवढं सांगा : स्लॅबचा आगाऊ तूर्तास देऊ नकोस. जानेवारीत आतला-बाहेरचा सिमेंटचा गिलावा खरवडून काढ. भिंत डागाळलेली, ओबडधोबड दिसेल. मेअखेरपर्यंत तशीच उघडी वाळू दे. चिऱ्यांमधल्या दरजा (सांधे) चुन्याने भरायच्या असतील तर मार्चच्या आत, कारण चुन्याला हवेत मुरायला आठवडे लागतात आणि ओला चुना पहिल्या सरीत धुऊन जातो. आतून गिलावा हवाच असेल तर तो चुन्याचा, एक पावसाळा बघून, दिवाळीनंतर.