खरे सांगितले म्हणून वॉरंटी गेली

मंगळवारी सकाळी ५२ मिनिटे फोन कानाला लावून बसल्यावर अखेर एका माणसाचा आवाज ऐकू आला, आणि पुढच्या चार मिनिटांत त्या माणसाने माझ्या अवघ्या १७ दिवसांच्या टीव्हीची वॉरंटी संपवून टाकली. पडद्याच्या डाव्या बाजूला उभ्या रेघा आल्या आहेत, त्या वाढत आहेत, आणि टीव्हीला कुठेही धक्का, ओरखडा किंवा तडा नाही, हे सारे त्याने शांतपणे ऐकून घेतले. मॉडेलचा क्रमांक, अनुक्रमांक, खरेदीची तारीख, सगळे टिपून घेतले. मग त्याने विचारले, की टीव्ही घरात कोणत्या खोलीत लावला आहे. मी सांगितले, की तो घरात नाही, आमच्या मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, पुढच्या काचेच्या वरच्या कप्प्यात लावला आहे. त्यानंतर त्याचा सूरच बदलला. वाहनात, नौकेत किंवा फिरत्या जागी बसवलेल्या टीव्हीला वॉरंटी लागू होत नाही, असे त्याने वाचून दाखवले, आणि आणखी काही मदत हवी आहे का, असेही विचारले.

मदत त्याने केलीच कुठे होती, की आणखी हवी असेल?

मी त्याला म्हटले, की ज्या दिवशी रेघा दिसल्या त्या दिवशी गाडी कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावाजवळच्या कॅम्पग्राउंडवर तीन दिवस एका जागी उभी होती आणि टीव्ही तिथल्या खांबावरच्या विजेवर चालत होता, म्हणजे घरातल्या भिंतीवर मिळते तीच १२० व्होल्टची वीज. त्याने वाक्य पुन्हा वाचले. मी म्हटले, की दुकानात हा टीव्ही घेताना तो कशासाठी हवा आहे हे मी विक्रेत्याला स्पष्ट सांगितले होते आणि त्याने ‘अगदी योग्य निवड’ म्हणून तो मला दिला. त्याने तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचले. वरिष्ठांशी बोलू द्या म्हटल्यावर आणखी २० मिनिटे तेच चार सुरांचे संगीत ऐकवले, ‘तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे निदान बारा वेळा सांगितले, आणि मग ज्या बाई आल्या त्यांनीही तेच वाक्य वाचले. त्या बाईंनी जाताजाता एक गोष्ट मात्र बोलून दाखवली, आणि माझा संताप अजून उतरलेला नाही तो तिच्यामुळे. त्या म्हणाल्या, की बैठकीच्या खोलीत आहे असे आपण सांगितले असते तर तक्रार नोंदवता आली असती. म्हणजे खोटे बोलणाऱ्याला नवा टीव्ही आणि खरे बोलणाऱ्याला वॉरंटीचे कलम. एखादी कंपनी आपल्याच ग्राहकाला फोनवर खोटे बोलायला शिकवते आणि त्यात तिला काही वावगेही वाटत नाही, हे मला सहन होत नाही.

आता दुकानाचे ऐका. परतीची मुदत १५ दिवसांची होती, आणि रेघा १६ व्या दिवशी दिसल्या. काउंटरवरच्या मुलाने पावती पाहिली, तारीख मोजली आणि कंपनीकडे जा म्हणून सांगितले. कंपनी म्हणते वाहनात लावला. ज्यांचा आधार देणारा स्टँड आम्ही घेतला त्यांचे म्हणणे, की आमचा स्टँड मोटरहोमसाठीच बनवलेला आहे, गाडी चालताना टीव्ही हलू नये म्हणून त्याला कुलूप आहे, तेव्हा दोष टीव्हीचा. मोटरहोम दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेने तर टीव्ही पाहण्याआधीच तासाला १९० डॉलरचा दर आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख सांगितली. टीव्ही १७८ डॉलरचा आहे. किमती इतक्या उतरवून ठेवल्या आहेत, की भांडण्याचा खर्च नव्या टीव्हीहून जास्त व्हावा. कॅलिफोर्नियात ग्राहकाच्या वॉरंटीचे रक्षण करणारा कायदा १९७० सालापासून आहे, अमेरिकी संघराज्याचा १९७५ सालापासून आहे. पण १७८ डॉलरसाठी कोर्टाची पायरी कोणी चढणार नाही, हे या लोकांना पक्के ठाऊक आहे.

आणि हे सारे कोणत्या टीव्हीच्या जागी? आमचे मोटरहोम १९९९ सालचे, ३४ फूट लांबीचे. चालकाच्या आणि शेजारच्या आसनाच्या वर, बरोबर मध्यभागी, लाकडी कप्प्यात बसवलेला २७ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही. त्याचे वजन सुमारे ४० किलो. हा टीव्ही मोटरहोमबरोबरच डोनर पास या सिएरा पर्वतातल्या खिंडीवरून गेला, जिथे ७,००० फुटांहून अधिक उंचीवर हिवाळ्यात चाकांना साखळ्या लावून जाणाऱ्या ट्रकांनी काँक्रीटमध्ये चर पाडले आहेत. नेव्हाडाच्या उन्हात बंद गाडीत तो तापला, सिएराच्या थंडीत गारठला, आणि दोन दशकांहून अधिक काळ रोज चालू केला की चित्र दाखवत राहिला. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले तेव्हा आधीच्या मालकाने त्याला नवे डिजिटल प्रक्षेपण जुन्या टीव्हीवर दाखवणारा कन्व्हर्टरचा डबा जोडला आणि तो पुन्हा कामाला लागला. हाही वाहनातच होता. त्याला कोणी वाहनात असल्याबद्दल दोष दिला नाही, आणि दोष देण्याची वेळही त्याने कोणावर आणली नाही.

तो काढण्याचा निर्णय माझा होता आणि त्यामागे कारण होते. माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे. प्रवासात ती पुढच्या आसनावर बसते, आणि जोराचा ब्रेक लागला तर ४० किलोचे काचेचे धूड पंचवीस वर्षांच्या जुन्या लाकडात आणि दोन पत्र्याच्या पट्ट्यांत तिच्या डोक्यावर किती काळ थांबेल, या विचाराने मला झोप येत नव्हती. शिवाय जुन्या पडद्यावरची अक्षरे तिला वाचता येत नव्हती.

काढताना कळले, की मोटरहोम बांधणाऱ्यांनी हा टीव्ही कधी कोणी बदलेल असा विचारच केलेला नव्हता. समोरची चौकट खिळे आणि स्टेपल ठोकून, वर गोंद लावून बसवलेली. मागच्या पट्टीचे दोन स्क्रू असे, की दीड फुटाची दांडी जोडल्याशिवाय पाना तिथवर पोहोचत नाही. ट्यूबमध्ये बंद केल्यानंतरही घातक विद्युतभार साठून राहू शकतो म्हणून मी तो चार दिवस आधीच प्लगमधून काढून ठेवला होता, मागचे झाकण उघडले नव्हते, आणि तिघांनी मिळून डॅशबोर्डवर फळी टाकून तो खाली उतरवला. एका गोष्टीचे श्रेय मात्र त्या जुन्या कारागिरांना दिलेच पाहिजे. गाडीची किल्ली फिरवली की पुढच्या टीव्हीची वीज आपोआप तुटेल असा रिले त्यांनी बसवला होता, कारण चालकाला दिसेल असा चालू पडदा रस्त्यावर असता कामा नये. मी तो रिले जसाच्या तसा ठेवला आहे. जोडण्या चोख होत्या आणि प्रत्येक तारेवर चिठ्ठी होती.

मग मापांचा छळ सुरू झाला. कप्प्याचे तोंड पावणे सव्वीस इंच रुंद. दोन्ही बाजूंना एकेक इंचाची लाकडी पट्टी, आणि तिच्यापलीकडे लगेच शेजारच्या कपाटांची दारे. म्हणजे दारे मोकळी ठेवायची तर पावणे अठ्ठावीस इंचांत सारे बसले पाहिजे. ३२ इंची टीव्ही कडेसकट सव्वा अठ्ठावीस इंच रुंद भरतो. अर्ध्या इंचाने सगळे अडले. २४ इंची घ्यावा तर त्याच्या पडद्याची उंची पावणे बारा इंच, जुन्याची सव्वा सोळा, म्हणजे आईला आधीपेक्षाही लहान अक्षरे. मधले २८ इंची आता दुकानांत जवळजवळ दिसत नाहीत. ३२ हा आकडा ऐकून माणूस मोठा टीव्ही घेतल्याच्या समाधानात राहतो, आणि प्रत्यक्षात ३२ इंची रुंद पडद्याची उंची जुन्या २७ इंची चौकोनी पडद्यापेक्षा अर्धा इंच कमीच असते. वाढते ती फक्त रुंदी, आणि नेमकी रुंदीच आमच्याकडे नव्हती. शेवटी मी अर्धा इंच डावीकडे सरकवून टीव्ही लावला आणि डावे कपाट कायमचे बंद केले. त्यात ठेवलेले नकाशे आता पलंगाखाली गेले.

मोटरहोमच्या भिंतीला सहसा इथल्या घरांसारखे भक्कम लाकडी खांब नसतात. पातळ प्लायवूडवर स्क्रू मारला तर पहिल्याच खड्ड्यात तो उपसून हातात येईल. म्हणून मी पाऊण इंची प्लायवूडची फळी कापली, कप्प्याच्या आतल्या बाजूंना लोखंडी कोन लावून ती पक्की केली आणि तिच्यावर कुलपाचा स्टँड बसवला. त्या स्टँडबरोबर टीव्हीच्या मागच्या छिद्रांत बसतील असे बोल्ट दिलेले नव्हते. ते आणायला दुकानात गेले, तर तिथल्या माणसाने प्रश्न माझा ऐकला आणि उत्तर माझ्या नवऱ्याकडे पाहून दिले. मी सहा मिलिमीटरचा, ३५ मिलिमीटर लांबीचा बोल्ट मागितला होता, हातात नमुना होता, पट्टी होती. तरी ‘साहेब, भिंत कशाची आहे?’ हेच. वीस वर्षे मी या देशात माझ्या घरातली फळी स्वतः कापते आहे आणि वीस वर्षे माझ्या हातातल्या मापपट्टीचे उत्तर माझ्या नवऱ्याला दिले जाते. हा राग टीव्हीचा नाही, हे मला कळते, पण तो त्याच दिवशी, त्याच कामात, माझ्या पदरात पडला, तेव्हा तो इथेच सांगणार.

नव्या टीव्हीचे आवाजाचे तोंड मागच्या बाजूला. पडदा पातळ दिसावा म्हणून समोर जागाच ठेवलेली नाही. मागे जुन्या ट्यूबची रिकामी पोकळी, त्यामुळे निम्मे शब्द त्या पोकळीतच घुमत राहतात. छतावरच्या अँटेनाची केबल जोडल्यावर तरी वाहिन्या लागतील असे वाटले, तर टीव्हीने आधी वाय-फाय मागितले, मग ईमेल, मग अटींना संमती. सिएराच्या जंगलात फोनला एक काडी सिग्नल नसताना पडद्यावर ते वर्तुळ अर्धा तास फिरत होते आणि आई स्वेटर घालून समोर बसली होती. ती म्हणाली, “असू दे गं, मला तसंही झोप आली होती.” तिला झोप आलेली नव्हती.

सांगलीच्या घरी १९९१ साली घेतलेला टीव्ही होता. तो बंद पडला की गल्लीतला मेकॅनिक सायकलवरून यायचा, मागचे झाकण उघडायचा, कुठे सोल्डर सुटलेला तर कुठे कंडेन्सर फुगलेला दाखवायचा, आणि त्याच संध्याकाळी बातम्या सुरू. टीव्ही दिवाणखान्यात आहे की माळ्यावर, असे त्याने कधी विचारले नाही. वस्तू बिघडली आहे एवढेच त्याला पुरेसे होते. इथे मी नव्या टीव्हीच्या दुरुस्तीसाठी तीन ठिकाणी फोन केले, आणि तिघांनीही एकच सांगितले, की पडद्याची किंमत टीव्हीइतकीच आहे, फेकून द्या. फेकायचा तरी कुठे? या राज्यात टीव्ही कचऱ्यात टाकणे बेकायदेशीर आहे, आणि त्याच्या विल्हेवाटीचे शुल्क खरेदीच्या वेळीच पावतीत लावले जाते. २००५ पासून तसा नियम आहे आणि तो योग्य आहे. माझी तक्रार त्या नियमाबद्दल नाही. १७ दिवसांत त्याची गरज पडावी, याबद्दल आहे.

ओळखीच्या दोघांनी सुचवले, की पुन्हा फोन कर, दुसरा माणूस उचलेल, बैठकीची खोली म्हण, संपले. एकाने तर टीव्ही काढून घरात भिंतीला टेकवून फोटो काढण्याची तयारीही दाखवली. त्यांचा हेतू चांगला आहे. पण फळी मी कापली, रिले मी जपला, एकेक बोल्ट मोजून घट्ट केला, आणि त्या कामात लपवण्यासारखे काहीही नाही. चोरी केल्यासारखे खोटे बोलून मी माझाच हक्क मागायचा, हे मला मान्य नाही.

रेघा आता पडद्याच्या एक तृतीयांश भागावर आल्या आहेत. काल रात्री आई उजव्या कडेला सरकून बसली आणि अक्षरे वाचत राहिली. तक्रारीचा क्रमांक मी मापांच्या त्याच कागदावर लिहून ठेवला आहे. उद्या सकाळी आठ वाजता त्यांचे फोन सुरू होतात, आणि खोली विचारली तर मी उद्याही मोटरहोमच सांगणार आहे.