मीठ, उचल आणि जीव

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीमालकाला, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखानदाराला, धंद्याची अडचण विचारली की तो आधी विजेचं बिल सांगतो, मग पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा भाव, मग गिऱ्हाइकाकडे अडकलेले पैसे. सगळं सांगून झाल्यावर चहाचा कप खाली ठेवत म्हणतो, "आणि माणसं टिकत नाहीत हो." टीव्हीवर मात्र गेली दोन-तीन वर्षं वेगळाच वाद चाललाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, आणि बायकोकडे किती वेळ बघत बसणार यावर देशभर विनोद झाले.

पश्चिम जर्मनीत धातू आणि इंजिनिअरिंग उद्योगाच्या सामूहिक करारात १९९५ पासून आठवडा ३५ तासांचा आहे. तिथून हा वाद ऐकताना वाटतं, दोन्ही बाजू तासच मोजत बसल्यात. बेळगावच्या मालकाची तक्रार तासांची नाहीच. बारा तास राबणारा माणूसही त्याच्याकडे टिकत नाही.

कॅनडातल्या जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये एक साधी विभागणी मांडली, ती इथे उपयोगी पडते. माणूस एखाद्या ठिकाणी टिकतो त्याची कारणं तीन. त्याला तिथे राहावंसं वाटतं, किंवा सोडणं परवडत नाही, किंवा सोडणं बरं दिसत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर जीव लागतो, अडकलेला असतो, किंवा खाल्ल्या मिठाला जागतो. तिघंही रोज सकाळी आठला हजेरी लावतात. मस्टरवर फरक दिसत नाही.

आपल्याकडचा जुना कारखानदार यातल्या मागच्या दोन दोऱ्यांवरच कारखाना चालवत आला. अडकवण्याचं साधन म्हणजे उचल. जूनमध्ये शाळा सुरू होताना दहा हजार, गावच्या यात्रेला पाच, बहिणीच्या लग्नाला पन्नास. दर महिन्याला पगारातून हजार-दोन हजार कापायचे, आणि फिटत आली की पुढची द्यायची. यात माया असते, नाही असं नाही. रात्री अकराला दवाखान्यासाठी पैसे देणारा मालक बँकेपेक्षा कधीही बरा. पण त्या माणसाचं टिकणं ही निष्ठा समजू नये, ते तारण आहे. दुसऱ्या कुणी उचल फेडली की तो त्याच दिवशी जातो, आणि मालकाला वाटतं, एवढं करूनही उलटला.

मीठ त्याहून जुनं. बाप थोरल्या मालकाकडे होता म्हणून मुलगा धाकट्याकडे. "घरातलाच आहे" असं म्हटलं की नेमणुकीचं पत्र लागत नाही, पगाराची स्लिप लागत नाही, आणि घरात कुणी ओव्हरटाइम मागतं का? बापाने नाही मागितला. मुलाने आयटीआय केलंय, त्याचा वर्गमित्र गोव्यात वेर्णाला आहे, दुसरा चाकणला, तिसरा शिनोळीच्या एमआयडीसीत. तिघांच्या पगाराच्या स्लिपा याच्या मोबाइलवर आहेत. मिठाची चव या पिढीपर्यंत पोचलेलीच नाही.

जीव लागायचा तो कशावर, हे वाळूच्या एका मुठीत दिसतं. ग्रीन सँड मोल्डिंगमध्ये, म्हणजे दमट वाळूचे साचे करताना, वाळूत पाणी साधारण ३ ते ४ टक्के लागतं. पावसाळ्यात शेडच्या कडेला ठेवलेली वाळू ओल धरते. मोल्डर, म्हणजे साचा भरणारा, ती मुठीत दाबतो, गोळा मोडून बघतो, बोटांना चिकटतेय हे त्याला यंत्राआधी कळतं. त्याच वाळूचा साचा भरला आणि १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड ओतलं, की पाण्याची वाफ होते, वाट न मिळालेला वायू धातूत अडकतो आणि कातडीखाली ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक राहतं. वरून कास्टिंग (ओतलेला भाग) देखणं. भोक उघडं पडतं मशीनवर कातताना, म्हणजे बरेचदा गिऱ्हाइकाच्या दारात. तोवर वीज, धातू, फेटलिंग (ओतीव भागाची घासपूस), गाडीभाडं, सगळं त्यात ओतून झालेलं असतं.

मोल्डरला हे साडेआठलाच माहीत होतं. तो बोलला का नाही? मागच्या वेळी जो बोलला त्याचं काय झालं, त्यावर ते ठरतं. "वाळू ओली हाय, सायेब" म्हटल्यावर "तू बॉक्स मोज, वाळूचं मी बघतो" असं उत्तर आलं असेल, तर पूर्ण शेड ते वर्षभर विसरत नाही. त्यात मजुरी भरलेल्या साच्यांच्या बॉक्सवर. अर्धा तास थांबलं की त्याचेच पैसे बुडतात. थोडक्यात, गप्प बसायचे पैसे मिळतात आणि बोलायचा दंड होतो. अशा ठिकाणी भिंतीवर 'क्वालिटी हाच आमचा धर्म' लिहून काही होत नाही.

याला उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. वाळू किंवा धातूमुळे काम थांबलं तर त्या वेळेची मजुरी मागच्या महिन्याच्या सरासरीने द्यायची. रिजेक्शन, म्हणजे बाद झालेला माल, सरसकट मोल्डरच्या नावावर टाकायचं नाही. वाळू, धातू, कोअर (साच्यातला पोकळीचा गाभा), हाताळणी असे चार रकाने करायचे, कारण थंड ओतलेल्या लोखंडाचा दोष साचा भरणाऱ्याच्या मजुरीतून कापला तर तो रीतसर अन्याय आहे आणि त्याला तो कळतो. कालचे बाद झालेले पाच-सहा तुकडे टेबलावर ठेवून शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं उभ्याने बघायचे. "कुठे बिघडलं?" एवढंच विचारायचं. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने "कोणी केलं?" विचारलं, तर ते टेबल उचलून टाकलेलं बरं.

पैशाचंही तसंच. समजा एखाद्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. २६ दिवसांनी भागले की रोज ६००, तासाला ७५. जादा तासाचा दर कायद्याने दुप्पट, म्हणजे १५०. जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये हेच होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही आहे. बऱ्याच ठिकाणी दोन तासांचे १५० रुपये व्हाउचरवर देतात आणि १५० वाचवतात. कामगाराला हा हिशेब पाठ असतो. तो भांडत नाही, दुसऱ्या दिवशी मशीनचं कूलंट (थंड ठेवणारं द्रव) तपासत नाही. ग्रॅच्युइटीचंही बघा : १५,६०० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला ९,०००. दहा वर्षांचे ९०,००० वाचावेत म्हणून, ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं भरायच्या आत, साडेचार वर्षांनी माणसाला ब्रेक देऊन ठेकेदाराच्या नावावर घ्यायचं, आणि मग कंपनीला आपली समजा म्हणायचं, याला बेळगावात तरी कुणी फसत नाही.

जर्मनीत कंपनीला कुटुंब म्हणायची पद्धत फारशी नाही. तिथे पाच कायम कामगार असले तरी कामगारांना आपली परिषद निवडता येते. २० जणांपर्यंत एक प्रतिनिधी, ५० पर्यंत तीन, १०० पर्यंत पाच. जादा काम, शिफ्टची वेळ, रजांचं नियोजन यांवर परिषदेची संमती लागते, आणि दर तिमाहीला सगळ्या कामगारांची सभा कामाच्या वेळेत, भरपगारी होते. मालकालाही ते कधी कधी नकोसं होतं. एका शनिवारच्या जादा शिफ्टसाठी आठवडाभर कागद फिरतो.

आपल्याकडे कायदाच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी : १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात मालक-कामगारांच्या कार्यसमितीची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून आहे. नव्या संहितेत २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे, जास्तीत जास्त दहा जणांची, निम्मे कामगारांचे, आणि अर्ज आल्यापासून ३० दिवसांत निकाल. कागद जर्मनीच्या जवळपास पोचतो. बिघडतं पुढे. कामगारांचे प्रतिनिधी ऑफिसच निवडतं, वर्षभराची इतिवृत्तं एका दुपारी लिहून सह्या घेतात, आणि विषय चहा पातळ आहे यापलीकडे जात नाही. चाळीस माणसांच्या फौंड्रीत ही समिती जिवंत करायची तर महिन्याची तारीख ठरवा, तक्रारीला नंबर द्या, उत्तराची तारीख लिहा, आणि नकार असेल तर कारणासकट तोही लिहा. पहिले तीन महिने हातमोजे, पंखा आणि संडास यांवरच जातील. जाऊ द्यावेत. हातमोजे वेळेवर आल्याशिवाय पगाराचं खरं कुणी बोलणार नाही.

रजांवर तर आपल्याकडे उगाच वर्षानुवर्षं रक्त आटवतात. "न सांगता खाडे करतात" ही कायमची ओरड. खानापूर, चंदगडच्या माणसाला जुलैत रोप लावायचं असतं, दिवाळीच्या आगेमागे भात कापायचं असतं, गणपतीला घरी जायचं असतं. यात अचानक काय आहे? सांगितलं की नाही म्हणतात, म्हणून सांगत नाहीत. जानेवारीतच गाववार यादी करून, एका विभागातून एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही असं ठरवलं, तर निम्मे खाडे रजा होतात. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा तशीही कायद्याने देणं आहेच.

आता भाषा. सीमाभागात लिहिताना ती टाळता येत नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षणाचं विधेयक मंजूर केलं आणि गदारोळ झाल्यावर ते थांबवलं. त्यात स्थानिक ठरायला कन्नड लिहिता-वाचता येणं ही अट होती. त्यावर बाजू घेणारे पुष्कळ आहेत. शेडमधला प्रश्न त्याहून साधा आहे. ओला किंवा बंद पोकळीचा भंगार तुकडा भट्टीत पडला तर वितळलेलं लोखंड उसळून अंगावर येतं. ही सूचना इंग्रजी आणि कन्नडमध्ये लावलेली, चार्जिंगवर, म्हणजे भट्टीत माल टाकायला, चंदगडचा मराठी पोरगा, आणि हाताखाली ओडिशाचा हेल्पर, ज्याला इंग्रजी, कन्नड, मराठी तिन्ही वाचता येत नाहीत. बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत सूचना असावी, हे फॅक्टरी ॲक्टमध्ये होतंच. सूचना तीन लिप्यांत आणि सोबत चित्र, एवढ्याला कुठल्याच सरकारची परवानगी लागत नाही.

सूचनेपेक्षा खोल जाणारी शंका असते ती बढतीची. सुपरवायझर कन्नड असला की मराठी कामगार म्हणतो वर त्यांचीच माणसं घेतात, मराठी असला की उलट. कोणाला कोणतं काम किती येतं, याचा तक्ता भिंतीवर लावला, प्रत्येक कामापुढे चार भागांचं वर्तुळ आणि आलेले भाग भरलेले, तर निदान भांडण वर्तुळावर होतं. जर्मनीत मराठी इंजिनिअर नेमका त्या ओडिया हेल्परच्या जागी असतो. मीटिंग जर्मनमध्ये, आणि कॉफीच्या वेळचे विनोद श्वाबियन या दक्षिण जर्मनीतल्या बोलीत, जी धड शिकवतही नाहीत. बेळगावात ज्याने दुसऱ्याच्या भाषेची थट्टा केली असेल, त्याला तिथे ती व्याजासकट परत मिळते.

आणि तिथे सगळ्यांचा कंपनीवर जीव असतो असंही नाही. नेमून दिलेलं तेवढंच काम करण्याला जर्मनमध्ये स्वतंत्र शब्दप्रयोग आहे, 'नियमाप्रमाणे नोकरी', आणि गॅलप या पाहणी करणाऱ्या संस्थेच्या तिथल्या पाहण्यांत असं काम करणारेच वर्षानुवर्षं सर्वाधिक निघतात. वीस वर्षं काम केलेल्याला काढायचं तर कायद्याने सात महिन्यांची नोटीस, पण घरातलं कुणी वारलं तर सहकाऱ्यांचं एक सह्यांचं कार्ड येतं. मातीला मालक स्वतः येऊन उभा राहतो ते बेळगावात, आणि ते कुठल्या परिषदेच्या ठरावाने होत नाही. हे सोडून तिकडचं उचला, असं माझं म्हणणं नाही. उचलायचं तर ती कागदाची सवय तेवढी उचलावी.

खंडेनवमीला उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडे फिरून बघा. मशीन धुऊन पुसून, झेंडूची माळ, ऊस, नारळ. कामगार बायकापोरांना घेऊन येतो आणि पोराला सीएनसीपुढे उभं करून सांगतो, "ही माझी मशीन." पाच अक्ष, किंमत, हप्ते, सगळं मालकाच्या नावावर, पण ऑफसेट, म्हणजे हत्याराची ठरवलेली जागा, कुठे दोन शतांश मिलिमीटर सरकते, सकाळी थंड असताना पहिला जॉब का मोठा येतो, हे याला माहीत. दसरा झाला की कामाचं नियोजन बदलतं, आणि सुपरवायझर त्याला एक शब्द न बोलता दुसऱ्या मशीनवर टाकतो. महिन्याभराने तो शिनोळीला जातो. ऑफिस फाइलमध्ये लिहितं, 'जादा पगारासाठी.'