गाडगेबाबांचा वेश भाड्याने कशासाठी आणायचा?

शाळेच्या वेशभूषा स्पर्धेसाठी पोशाख भाड्याने आणण्याची पद्धत थांबावी आणि मुलांचे पोशाख घरातल्या जुन्या, वापरलेल्या कपड्यांतून तयार व्हावेत, असे माझे ठाम मत आहे. आषाढीची दिंडी, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि मधले स्नेहसंमेलन अशा निमित्तांनी प्राथमिक शाळेतल्या मुलाला वर्षभरात कोणाचा ना कोणाचा वेश करावाच लागतो. त्या प्रत्येक वेळी पालक दुकानात जाऊन अनामत भरतात आणि चकचकीत सॅटिनचा, वेल्क्रो लावलेला पोशाख एका दिवसापुरता घेऊन येतात. मावळ्याचा अंगरखा बंदांनी बांधला जात असे, हे त्या मुलाला कळतच नाही, कारण त्याच्या अंगावरच्या अंगरख्याला बंदच नसतात.

मला सर्वांत जास्त खटकतो तो गाडगेबाबांचा भाड्याचा वेश. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या आणि १९५६ मध्ये २० डिसेंबरला निधन पावलेल्या या माणसाने आयुष्यभर चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घातले, हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांचा वेश म्हणून दुकानात जो पोशाख मिळतो, तो कोऱ्या कापडाचा असतो आणि त्यावर एकाच मापाची चौकोनी ठिगळे यंत्राने शिवलेली असतात. ज्यांच्या अंगावर कधी कोरे कापड नव्हते, त्यांच्यासाठी कोरे कापड फाडून ठिगळे करावीत, हे मला मनापासून चुकीचे वाटते.

हा वेश घरी करणे अजिबात अवघड नाही. माझ्या भाच्यासाठी आम्ही त्याच्या आजोबांचा जुना सुती सदरा घेतला, कॉलर उसवली, बाह्या कोपरापर्यंत कापल्या आणि लांबी तशीच ठेवली; मोठ्या माणसाचा सदरा मुलाच्या गुडघ्यापर्यंत आपोआप येतो. ठिगळांसाठी परकराचा घेर, लुंगीचे टोक, विटलेली चादर आणि एका लुगड्याचा काठ निघाला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. जुने कापड वापरण्यापूर्वी उजेडासमोर धरून पाहावे आणि दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये हलकेच ताणावे. जेथे ते विरलेले दिसेल किंवा चरचरेल, तो भाग मूळ वस्त्रासाठी घेऊ नये. विरलेल्या सुतावर चादरीसारखे जाड ठिगळ लावले तर ठिगळाच्या ओझ्याने शिवणीच्या कडेनेच कापड फाटते, म्हणून जाड कापड खाली आणि विरळ कापड वर हाच क्रम ठेवावा. कडा आत दुमडून गोधडीसारखा धावदोरा घालावा, आणि तो शक्यतो मुलाला स्वतःला घालू द्यावा. भाच्याचे टाके वाकडे आणि लांब पडले, पण ते त्या वस्त्रावर शोभून दिसले. डोक्यावरचे खापर वाटीवर कागदाचा लगदा थापून केले आणि त्याला गेरू लावला. टाके घालता घालता तो विचारत होता की बाबा नवे कपडे का घेत नसत, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देताना आमच्या बऱ्याच गप्पा झाल्या. दुकानातून आयता आणलेला पोशाख अंगावर चढवताना हा प्रश्न त्याला पडला असता, असे मला वाटत नाही.

इतर वेशांनाही हे लागू आहे. सावित्रीबाईंच्या वेशासाठी आईची जुनी सुती साडी न कापता, उभी अर्धी दुमडून मुलीला नेसवता येते. वासुदेवाच्या घोळदार अंगरख्यासाठी पांढरा कुडता आणि जुन्या साडीच्या कळ्या पुरतात. घरात जुने कपडे नसतील तर नातेवाइकांकडे मागावेत; पुण्यात राहणाऱ्यांना बुधवार-रविवारचा जुना बाजारही आहे. रंग द्यायचा असेल तर कापड सुती आहे ना, हे आधी पाहावे, कारण घरी वापरायचे साधे रंग पॉलिएस्टरवर धरत नाहीत.

आई-वडील दोघेही नोकरी करत असतील तर वेळ कोठून आणायचा, हा आक्षेप मला मान्य आहे. त्याचे कारण मात्र शाळेच्या सूचनेत आहे. स्पर्धेची सूचना दोन-तीन दिवस आधी आली की दुकानाशिवाय पर्याय उरत नाही, आणि परीक्षक झगमगाटाला गुण देतात हेही पालकांना अनुभवाने ठाऊक असते. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की सूचना किमान महिनाभर आधी द्यावी, भाड्याचा किंवा नवा विकत घेतलेला पोशाख चालणार नाही असे तीत स्पष्ट लिहावे, आणि मुलाने पोशाखातले स्वतः काय केले हे मंचावर विचारून त्याला वेगळे गुण ठेवावेत.