‘बंद पडलेली गाडी लोकांच्या गळ्यात मारू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या फोर्ड ईकोस्पोर्टवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तराला चार दिवस घेतले, कारण तिच्यातल्या काही गोष्टी मान्य कराव्या लागणार हे पहिल्याच वाचनात कळले होते. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. ज्या कंपनीने देशातून गाशा गुंडाळला तिची गाडी घ्या असे सांगणे म्हणजे लोकांना खड्ड्यात घालणे होय, सुटे भाग मिळत नाहीत, कोल्हापुरात ती नीट दुरुस्त करणारे कोणी उरलेले नाही, पुढे विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळत नाही, त्यापेक्षा थोडी भर घालून मारुतीची ब्रेझा घ्यावी, आणि मी स्वतः ईकोस्पोर्ट वापरत असल्यामुळे माझे मत एकतर्फी आहे, असे आपले म्हणणे आहे. शेवटी आपण लिहिले आहे की आपल्या भाच्याने माझा लेख वाचून २०१७ सालची पेट्रोल ऑटोमॅटिक ईकोस्पोर्ट सव्वाचार लाखांना ठरवत आणली असून घरात त्यावरून वाद चालू आहे. भाच्याच्या गाडीविषयी शेवटी लिहितो. पण तोवर त्याला विसार देऊ देऊ नका.

एकतर्फीपणाचा आरोप आधी घेतो. २०१६ सालची डिझेल ईकोस्पोर्ट मी मार्च २०२२ मध्ये, म्हणजे कंपनीने भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केल्यानंतर सहा महिन्यांनी, पाच लाख वीस हजारांना घेतली. तेव्हा तिचे ६२ हजार किलोमीटर झाले होते आणि तशाच वयाची डिझेल ब्रेझा मला सात लाखांच्या खाली कोणी दाखवली नव्हती. म्हणजे एक लाख ऐंशी हजारांचा फरक मला दिसत होता, आणि लेखात मी त्यालाच ‘बचत’ म्हटले. आपली प्रतिक्रिया आल्यावर मी बिलांची फाईल काढून बसलो. नेहमीची सर्व्हिसिंग आणि टायर सोडून साडेतीन वर्षांत टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपाला १६ हजार, क्लचला २७ हजार, पुढच्या सस्पेन्शनला १९ हजार आणि मागच्या दिव्याला १३ हजार, असे एकूण ७५ हजार गेले. यातला क्लच आणि सस्पेन्शनचा खर्च ब्रेझालाही चुकला नसता हे खरे. पण गाडी आज विकायची म्हटली तर दोन्हींच्या किमतीतले अंतर तेव्हापेक्षा वाढलेलेच निघेल, आणि उरलेले एक लाख पाच हजार बहुतेक तिथे जातील. तेव्हा ‘स्वस्तात मिळणारी’ हे लेखाच्या शीर्षकातले शब्द मी आज काढून टाकले आहेत. पुढे होणाऱ्या त्रासाची भरपाई विकणारा किमतीत आधीच वळती करून देतो, एवढाच त्या कमी भावाचा अर्थ आहे, आणि ते मी तेव्हाच लिहायला हवे होते.

सुट्या भागांबाबत मात्र आपले विधान सरसकट आहे. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हाच ग्राहकांना सर्व्हिस आणि सुटे भाग पुरवत राहू असेही सांगितले होते. साणंदचा कारखाना पुढे टाटांकडे गेला; ईकोस्पोर्ट मात्र चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरमध्ये बनत होती आणि निर्यातीसाठी तिथे ती २०२२ पर्यंत बनत राहिली. पण कंपनीच्या आश्वासनापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ईकोस्पोर्टचे दीड लिटरचे डिझेल इंजिन फोर्डच्याच फिगो, अस्पायर आणि फ्रीस्टाईलमध्येही होते, त्यामुळे फिल्टर, बेल्ट, क्लच अशा झिजणाऱ्या वस्तूंना अजून पुरेसे गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक आहे तोवर त्या बनतात. आपण सुचवलेल्या ब्रेझाचेच पाहा. तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिनही एप्रिल २०२० पासून बंदच आहे. तरीही त्याचे सामान गल्लीतल्या दुकानात मिळते, कारण ते स्विफ्ट आणि डिझायरपासून कितीतरी गाड्यांत बसले होते. तेव्हा कंपनी देशात आहे की नाही यापेक्षा तो विशिष्ट भाग आणखी किती गाड्यांत आहे, हे आधी विचारायला हवे.

अडचण येते ती जे भाग केवळ ईकोस्पोर्टचेच आहेत त्यांची, आणि इथे आपला मुद्दा मी माझ्याच फजितीने बळकट करतो. या गाडीची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते, ते दार बाजूला उघडते आणि ते उघडायचे हँडल उजव्या टेललाईटमध्ये बेमालूम लपवलेले असते. दिसायला ही रचना फार सुबक आहे. गेल्या वर्षी रंकाळ्यावर गाडी लावून मी भेळ खायला गेलो असताना कोणाच्या तरी मोटारसायकलचा धक्का उजव्या टेललाईटला बसला, काच फुटली आणि हँडल आत गेले. दिवा आणि हँडल मिळायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत डिक्की उघडली नाही. गॅसचे सिलिंडर, आजोळहून आलेले तांदळाचे पोते, सगळे मागची सीट पाडून आतून ओढून घ्यावे लागत होते. इंजिनाच्या सामानाला मला कधी चार दिवसांहून जास्त थांबावे लागले नाही, पण एका दिव्यासाठी दीड महिना थांबलो. बंपर, काचा, दिवे, दारांचे पत्रे यांची तजवीज जुन्या गाड्या तोडणाऱ्यांकडूनच करावी लागेल असे दिवस पुढे येणार आहेत, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याने ही गाडी घेऊ नये.

‘कोल्हापुरात दुरुस्त करणारे कोणी नाही’ हे वाक्य मला, खरे सांगायचे तर, थोडे झोंबले. शिरोलीच्या फाउंड्र्या आणि उद्यमनगरातले लेथ ज्या गावात आहेत तिथे एखादा बुश किंवा ब्रॅकेट बनवून घेणे ही अडचण कधीच नव्हती. तरीही आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण आजची गाडी पान्यापेक्षा तिच्यातला संगणक वाचणाऱ्या स्कॅनरने जास्त दुरुस्त होते. चावी जोडणे, एखादे मॉड्यूल बदलल्यावर त्याची गाडीशी ओळख करून देणे, ही कामे लेथवर कातून मिळत नाहीत. घेण्याआधीच आपला मिस्त्री ठरवावा, त्याच्याकडे फोर्डला चालणारा स्कॅनर आहे का ते डोळ्यांनी पाहावे, आणि नसेल तर सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पुण्याची फेरी वर्षातून एकदा होईल असे धरून चालावे.

आता माझ्या लेखातली खरी चूक, जी आपण दाखवलेली नाही. मी ‘ईकोस्पोर्ट’ असा एकच शब्द वापरत गेलो, आणि या नावाखाली २०१३ पासून निरनिराळी इंजिने व गिअरबॉक्स विकले गेले आहेत. मी ज्या गाडीची शिफारस करतो ती डिझेल मॅन्युअल, आणि तीही शक्यतो २०१६ ते २०१९ मधली. २०२० पासूनच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ असतो. तो लांबच्या फेरीत तापून स्वतःला साफ करतो, त्यामुळे जो माणूस राजारामपुरी ते शाहूपुरी एवढीच गाडी फिरवणार आहे त्याने ती घेऊन डोकेदुखी विकत घेऊ नये. एक लिटरचे इकोबूस्ट टर्बो पेट्रोल चालवायला फार गोड आहे, पण त्याचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. ऑइल चुकीच्या प्रतीचे घातले किंवा वेळेवर बदलले नाही तर बेल्टचा भुगा होऊन ऑइलची जाळी तुंबते आणि इंजिन कोरडे पडते. नोव्हेंबर २०१७ च्या बदलानंतर आलेल्या तीन सिलिंडरच्या दीड लिटर पेट्रोलमध्येही बेल्टची रचना तशीच आहे. अशा गाडीची प्रत्येक ऑइल बदलाची पावती असेल तर विचार करावा, नसेल तर किंमत कितीही खाली आली तरी उठून यावे.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. आता पंपावर मिळणारे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे आहे आणि ईकोस्पोर्ट त्यासाठी बनवलेली नव्हती. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाने आपल्याच गाडीचे रबरी पाइप खावेत, हा योग कोल्हापूरकराने हसून घ्यायचा की रडून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. घेताना इंधनाच्या नळ्या आणि सील नीट तपासून घ्याव्यात, एवढे निश्चित.

तपासणीबद्दल मी लेखात दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि आपण त्यावर ‘हे कोणालाही माहीत असते’ असा शेरा मारला आहे. तो योग्य आहे. म्हणून कोल्हापुरात गाडी पाहताना मी प्रत्यक्षात काय करतो ते सांगतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती, आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात आल्या. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढावा. जो भाग एरवी गुंडाळीतच राहतो त्याच्यावर पाण्याची आडवी रेघ किंवा वाळलेल्या गाळाची पूड दिसते, कारण गाडी धुणारा तिथवर पोचत नाही. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळांचा आणि बोल्टांचा गंज पाहावा, आणि कार्पेटचा कोपरा उचलून नाक लावावे. त्याबरोबर त्या दोन वर्षांच्या पुढच्या विमा पॉलिसींच्या प्रती मागाव्यात. पूर्वी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, चढत आलेला असेल आणि पुराच्या पुढच्या वर्षी तो एकदम शून्यावर आला असेल, तर क्लेम कशाचा घेतला होता हे विकणाऱ्याला विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे मधल्या काळात मालक बदलला असेल तर ही खूण फसवते.

मागचे दार अर्धे उघडून दोन्ही हातांनी खालून वर उचलून पाहावे. स्टेपनीच्या ओझ्याने बिजागऱ्या ढिल्या झाल्या असतील तर दार हातात हलते आणि बंद करताना कुलपाशी घासते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याची गाडी असेल तर ती लिफ्टवर चढवून खालचा पत्रा पाहिल्याशिवाय बोलणी करू नये, कारण खाऱ्या हवेचा गंज खालून सुरू होतो. दिल्ली परिसरात डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातली गेल्यामुळे तिकडच्या २०१४-१५ च्या गाड्या एजंटांमार्फत इकडे आल्या. भाव मोहात पाडणारा असतो, पण एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नव्या नंबरचा खर्च मिळवला की मोह उतरतो. बेळगाव आणि चिकोडीकडच्या गाड्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. शेवटी, इंजिन थंड असताना पहिली चावी आपण स्वतः मारावी. पोचल्यावर बोनेटला हात लावायचा. तो कोमट लागला तर विकणाऱ्याने काहीतरी लपवण्यासाठी गाडी आधीच चालू करून ठेवली होती असे मी समजतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. नंतर गाडी वाघबीळमार्गे पन्हाळ्यावर नेतो. त्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मात्र चढत नसेल, तर क्लच संपलेला आहे.

पुनर्विक्रीबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. तीन वर्षांनी विकायची असेल तर ब्रेझाच घ्यावी. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; माझ्या गाडीची २०३१ मध्ये संपेल आणि तोपर्यंत ती दारात ठेवायचे ठरवूनच मी ती घेतली होती. गगनबावड्याच्या घाटातल्या वळणांवर तिचे स्टिअरिंग ज्या विश्वासाने चालते त्याची किंमत मला हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही, आणि ती आपण मान्य करावी असा माझा आग्रहही नाही.

आता भाच्याची गाडी. २०१७ ची पेट्रोल ऑटोमॅटिक म्हणजे नक्की कोणती, हे महिन्यावर ठरते. नोव्हेंबर २०१७ मध्ये बदललेल्या चेहऱ्याची ईकोस्पोर्ट आली, तिच्या आधीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला कोरड्या दुहेरी क्लचचा पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स होता. याच जातीच्या गिअरबॉक्सवरून अमेरिकेत फोकस आणि फिएस्टाच्या मालकांनी कंपनीवर सामूहिक दावा केला होता. सावकाश रहदारीत गाडी थरथरते, कधी गिअर पकडतच नाही, आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीकडे पाहत नाही. नोव्हेंबरनंतरच्या गाडीत त्याऐवजी टॉर्क कन्व्हर्टरचा साधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, जो कितीतरी टिकाऊ आहे. मात्र त्या इंजिनाच्या बेल्टविषयी वर लिहिले आहेच. आरसीवर उत्पादनाचा महिना छापलेला असतो. तो जानेवारी ते ऑक्टोबरमधला असेल तर सव्वाचारच काय, अडीच लाखांनाही ती गाडी घेऊ नये, आणि या मुद्द्यावर घरातल्या वादात मी आपल्या बाजूने आहे असे भाच्याला खुशाल सांगावे. डिसेंबरमधला असेल तर ऑइलच्या सगळ्या पावत्या घेऊन त्याला येत्या रविवारी सकाळी सातला केर्ली फाट्यावर पाठवा. गाडी विकणाऱ्याच्या दारातून थंडच निघाली पाहिजे, एवढे त्याला बजावा.