कोकणी शिकू न देणारं गाव

गोव्यात कोकणी शिकण्यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गोंयकारांचा चांगुलपणा. त्याच्या पाठोपाठ त्यांना येणाऱ्या इतर भाषा. एखादं आडमुठं, परक्याला दाद न देणारं, एकभाषी गाव नशिबी आलं असतं तर एव्हाना मी कोकणीत भांडायला लागले असते. पण आम्ही राहतो म्हापशाजवळ, उत्तर गोव्यातल्या बारदेस तालुक्यात, आणि फक्त कोकणी येणारा माणूस इथे शोधून सापडत नाही. मी मूळची साताऱ्याची. ते बहुधा माझ्या कपाळावर लिहिलेलं असावं, कारण मी तोंड उघडायच्या आत समोरचा मराठीत शिरलेला असतो.

पाण्यात पडलं की पोहता येतं, असं सगळे सांगतात. येत असेल. मी मात्र इथे पडते न पडते तोच चार माणसं धावत येतात, मला काठावर बसवतात, टॉवेल देतात आणि शुद्ध मराठीत विचारतात, "लागलं नाही ना कुठं?"

मासळीचंच बघा. गोव्यात आल्या आल्या मला एक जाणता सल्ला मिळाला होता: बाजारात कोकणी बोल, भाव आपोआप उतरतो. म्हणून म्हापशाच्या बाजारात जाताना मी रिक्षात वाक्य घोकत जाते. जागा ठरलेली, मासेवाली ठरलेली. समोर बांगड्यांचे वाटे मांडलेले. मी पिशवी सावरते, चेहऱ्यावर रोज मासे घेणाऱ्या बाईचा कंटाळा आणते आणि विचारते, "बांगड्यांचो वांटो कितल्याक?"

वाक्यात काही चूक नाही. मी दोघातिघांकडून तपासून घेतलंय. पण ती माझ्याकडे बघते, प्रसन्न हसते आणि म्हणते, "घ्या ना ताई, एकदम ताजे आहेत." ताई म्हटल्यावर भाव उतरायचा प्रश्नच मिटतो. मी नेट धरून कोकणीत घासाघीस करते, ती नेट धरून मराठीत नकार देते. असा बराच वेळ आमचा संवाद चालतो, ज्यात ती माझी भाषा बोलत असते आणि मी तिची. शेजारी उभी असलेली बाई, जिला तीच मासेवाली "किते गो, आयज उशीर?" म्हणते, ती तोच वाटा घेऊन माझ्यापेक्षा कमी पैशांत निघून जाते. मग मासेवाली मला समजुतीनं सांगते, "ती आमच्या वाड्यावरची." तेही मराठीत.

बसमध्ये तरी काही मिळावं! गोव्यातला खासगी बसचा कंडक्टर म्हणजे कोकणीचा धबधबा. "फाटीं वच, फाटीं वच" हे त्याचं वाक्य मी झोपेतही ओळखेन. अख्खी बस त्या एका वाक्यावर मागे सरकते. माझ्यापर्यंत आला की हाच गृहस्थ आवाज खाली आणतो. "मॅडम, थोडं मागे व्हाल का?" बसमध्ये एवढा मान साताऱ्यात मला कधी मिळाला नव्हता. मला तो नकोच आहे. मला फाटीं वचायचंय.

माझ्या नवऱ्याने हा सगळा प्रश्न एका स्वरात सोडवला. घोड्याचा घोडो होतो, आंब्याचा आंबो होतो, रस्त्याचा रस्तो होतो, एवढं लक्षात आल्यावर त्याने मराठीतल्या तमाम नामांना सरसकट ओ लावून टाकला. हॉटेलात तो "एक पाण्याचो ग्लासो आणि बिलो" मागतो. वेटर उत्तराखंडचा असतो, त्यामुळे त्याला ही उत्तम कोकणी वाटते. काही दिवसांनी तोही ग्लासो म्हणायला लागतो.

मी मात्र रीतसर शिकवणी लावली. वर्गात दिल्लीहून येऊन आसगावात घर घेतलेलं एक जोडपं होतं, केरळहून आलेली चर्चमधली एक सिस्टर होती, आणि मी. शिकवणारे भाबडे. दिल्लीकरांना समजावं म्हणून हिंदीत सांगायचे, सिस्टरसाठी इंग्रजीत, माझ्यासाठी मराठीत. तासाच्या शेवटी वेळ उरला तर कोकणी. आमच्यात खरी शिकली ती सिस्टर, कारण तिला रविवारी लहान मुलांना दोत्रीन, म्हणजे ख्रिस्ती धर्माचे धडे, शिकवायची होती आणि पाच वर्षांची पोरं कुणाच्या सोयीसाठी भाषा बदलत नाहीत. शिवाय पुस्तकातली कोकणी पडली अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याकडची. ती घेऊन मी बारदेसात फिरणार! साष्टीकडच्या, म्हणजे मडगावकडच्या, कोकणीचं तर नावच काढू नका, मडगावच्या बाजारात माझ्या कानांना सुट्टी असते.

आता आमचे घरमालक. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात. सर घरात कोकणी बोलतात, सकाळी मराठी पेपर वाचतात, देवळात मराठी अभंग म्हणतात, बँकेत इंग्रजीत सही करतात आणि डासांना हिंदीत हाकलतात. पलीकडच्या आंटीचं गणित वेगळं. तिची प्रार्थना कोकणीत, पण रोमी, म्हणजे रोमन, लिपीतल्या पुस्तकातून; मालिका हिंदी; आणि इंग्लंडात स्विंडनला असलेल्या नातीशी व्हिडिओ कॉलवर इंग्रजी. ही मंडळी दिवसभरात इतक्या वेळा भाषा बदलतात की माझ्यासाठी आणखी एकदा बदलणं त्यांच्या खिजगणतीतही नसतं.

पुण्याहून आमचे एक काका राहायला आले होते. सरांच्या बोलकांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीत, चहा चालला होता. काकांनी बिस्कीट बुडवता बुडवता सहज म्हटलं, "बट लेट मी टेल यू, अ‍ॅक्च्युअली कोकणी म्हणजे मराठीचीच बोली ना हो?"

सरांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता खरी कोकणी ऐकायला मिळणार. मी कान टवकारून बसले. सर म्हणाले, "आपली अनुज्ञा असेल तर हा गैरसमज दूर करू इच्छितो." आणि मग पुढे जे मराठी सुरू झालं, तसं मी साताऱ्यात भाषणातसुद्धा ऐकलेलं नाही. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ साली राजभाषा कायदा झाला, त्यात देवनागरी कोकणी ही राजभाषा आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा. १९९२ साली कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. मधून मधून "तथापि" आणि "किंबहुना". काका बुडवलेलं बिस्कीट विसरले, ते कपात विरघळलं. कोकणी ही मराठी नव्हे, हे सरांनी असं काही मराठीत सिद्ध केलं की काकांना उत्तर द्यायला शेवटी इंग्रजी काढावं लागलं. (मराठी की कोकणी, देवनागरी की रोमी, या वादात मी पडत नाही. मला भाड्याच्या घरात राहायचंय.)

त्याच ओघात सरांनी फादर थॉमस स्टीफन्सचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, दहा हजारांवर ओव्या, आणि १६१६ साली ते राशोलला रोमी लिपीत छापलं. कोकणीचं व्याकरणही लिहिलं. ते त्याच्या पश्चात १६४० साली छापून आलं. "आणि तुम्ही? मराठी तर तुमची जन्माची!" सर म्हणाले.

मी नंतर यावर बराच विचार केला आणि मला त्या फादरचा हेवा वाटला. केवढं त्याचं भाग्य! साष्टीतल्या कुठल्याही मासेवालीने त्याला "कम, फादर, व्हेरी फ्रेश" म्हटलं नसणार. त्याच्या इंग्रजीचा त्या अख्ख्या मुलखात शून्य उपयोग होता. अशा परिस्थितीत मीही व्याकरण लिहिलं असतं. पुढे १६८४ मध्ये तर पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मानच काढलं की लोकांनी कोकणी सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. सरकारी फर्मानानेही जी भाषा यांनी सोडली नाही, ती फक्त माझ्यासाठी, न सांगता, ही माणसं हसत हसत बाजूला ठेवतात.

माझा खरा गुरू मला सायकलवर भेटला. आमच्याकडे पाव घेऊन येणारा पोरगा ओडिशाचा आहे. सकाळी त्याचा पों पों वाजला की मी दारात हजर. त्याला मराठी येत नाही आणि मला ओडिया. हिंदीचा धोका होता, पण त्याने वाड्यावर फिरून फिरून कोकणी उचललेली, आणि गोव्यात पाव कोकणीतच विकायचा असतो अशी त्याची समजूत. ती मी दूर केलेली नाही. "उंडे जाय गो?" तो विचारतो. गो! कुणीतरी मला गो म्हटलं! त्याला पुढची घरं असतात, त्यामुळे तास फार छोटा. विषयही त्याचेच: पाव, सुटे पैसे, पाऊस आणि अंगावर येणारी कुत्री. या चार विषयांवर आज मी कुठल्याही व्यासपीठावर कोकणीत बोलू शकते.

आणखी एक शोध मला जात्रेत लागला. गावची जात्रा, रात्रीचं नाटक, आणि गोव्यातल्या रिवाजाप्रमाणे नाटक मराठी. शेजारच्या वयनी माझ्या बाजूला. त्या माझ्याशी कायम मराठीत बोलतात, अगदी मिक्सर मागायचा असला तरी. पण दुसऱ्या अंकात खलनायकाने पत्र लपवलं आणि वयनींनी माझं मनगट घट्ट धरलं. "आतां पळय, हो तिका फटयतलो!" मग थांबल्याच नाहीत. "तो तिचो सख्खो भाव, पूण तिका खबर ना!" साताऱ्याच्या बाईला मराठी नाटक कोकणीत समजावून सांगणं तिसऱ्या अंकाच्या पडद्यापर्यंत चाललं. मी मुद्दाम काहीच न कळल्यासारखा चेहरा करून बसले होते. नाटक संपलं, दिवे लागले, वयनी भानावर आल्या. "चहा घेऊया का?"

म्हणजे भावना अनावर झाल्या की शिष्टाचार सुटतो. नाटक वर्षातून एकदा. दुसरी सोपी भावना कोणती? राग. माझा तोवर कुणाशी तंटा नव्हता, पण शिक्षणासाठी माणसाला काय काय करावं लागतं! गेल्या आठवड्यात मी स्कूटर जाणूनबुजून एका फाटकासमोर आडवी लावली आणि समोरच्या दुकानात कोथिंबीर निवडत उभी राहिले. पाचच मिनिटांत टेम्पो आला, चालक उतरला आणि त्याने आभाळाकडे बघून सुरुवात केली.

"हांगा कोणें दवरली गो ही स्कूटर? दोळे फुटल्यात काय कितें? गेट दिसना तुका?"

तुका! मी धन्य झाले. कोथिंबीर टाकून धावले. त्याने माझ्या अकलेबद्दल, लायसन्सबद्दल आणि ते देणाऱ्याबद्दल काही सांगितलं. त्यातले दोन शब्द मी नंतर सरांना विचारले, तर त्यांनी विषय बदलला. वाद वाढवावा म्हणून मी उत्तर दिलं, "काडटां, काडटां. रागार जायनाका!" सगळे अनुस्वार जिथल्या तिथे लावून.

तो थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं. चेहरा एकदम मवाळ झाला.

"अहो, तुम्ही मराठी का? सॉरी हां ताई, मला कळलं नाही," तो म्हणाला. मग घसा साफ करून त्याने मला पहिल्यापासून सगळं परत सुनावलं. मराठीत.